डोंगराची बोडकी बाजू

चहा आधी हातात घ्या. मी एकदा सुरू झालो की मध्ये दुसरा कप मागायची सोय राहत नाही, आणि आजचा किस्सा असा आहे की तो सांगताना माझा स्वतःचा चहा गार होतो.

चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. लातूरचा माल सोलापूरला धाडला. भाच्याच्या लग्नाला म्हणून गेलो, पोटभर जेवलो, आहेराचं पाकीट देऊन आलो, आणि घरी आल्यावर कळलं की आपला मांडव शेजारचा होता. पण त्या चुका खिशात मावतील एवढ्या. ही चूक डोंगराएवढी. बोलण्याच्या भरात म्हणत नाही. मी खरोखरच एक अख्खा डोंगर लपवला.

आता डोंगर कसा लपवतात, असं तुम्ही विचारणार. विचारा की. ज्याचा जन्म व्यापारात गेला त्याला काहीही लपवता येतं.

मी रशीद शेख. भूमच्या बाजारात माझं खव्याचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं तराजूनं शिकवलं. राहायला मात्र अजून आमच्या वाडीतच, डोंगराच्या पायथ्याला. वाडीत घरोघरी म्हशी, आणि थोड्या थोड्या घरांमागं एक खव्याची भट्टी. बाया सकाळपासून कढईपुढं बसून दूध आटवतात. तो खवा माझ्या टेंपोत बसतो आणि परगावी जाऊन पेढा होतो.

खव्याला दोनच गोष्टी लागतात, दूध आणि जाळ. दूध म्हशी देतात. जाळ कोण देणार? डोंगर. त्या डोंगरानं इतकी वर्षं दिला की शेवटी त्याच्याकडं द्यायला काही उरलं नाही. पायथ्याच्या आडाचं पाणी होळीच्या आधीच तळाला जायला लागलं. तेव्हा हौसाबाई उभी राहिली.

हौसाबाई म्हणजे आमच्या भट्टीवाल्या बायांच्या गटाची प्रमुख. अंगानं काडी, आवाजानं अख्खा तालुका. तिनं वाडी गोळा केली आणि डोंगरावर कुऱ्हाडबंदी लावली. झाली त्याला सहा वर्षं. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं राखण करायची, आणि ज्याची पाळी त्याच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी मात्र कायमची हौसाबाईच्या गळ्यात. दंड पैशात नाही, दंड पाण्यात. ज्यानं झाड तोडलं किंवा जनावर घातलं, त्यानं डोंगराच्या उघड्या बाजूला पाच रोपं लावायची आणि पुढच्या पावसापर्यंत आडाचं पाणी कावडीनं वाहून जगवायची.

त्या बैठकीत मला राखणीच्या समितीचा अध्यक्ष केलं. का? तर माझ्याकडं टेंपो होता आणि मला बोलता येतं. मी लगेच बोललोसुद्धा. उभा राहून म्हणालो, "अध्यक्षच चुकला तर दंड दुप्पट. आणि गाडीनं किंवा गड्याकरवी पाणी चालणार नाही. स्वतःच्या खांद्यावर." टाळ्या पडल्या. शाळेवरच्या शिंदे गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. टाळ्या फार वाईट असतात. त्या वाजत असताना माणसाला पुढचं दिसत नाही.

तर सहा वर्षांत डोंगराची मागची बाजू भरून आली. सीताफळी, धावडा, अंजन, टेंभुर्णी. मोर आले. आडातही उन्हाळाभर थोडं पाणी टिकायला लागलं. पुढची बाजू मात्र अजून बोडकीच. तिथं उन्हाचा मारा, नुसता मुरूम आणि कुसळं. ती बाजूही आता सुधारायची म्हणून यंदाच तिथं चराईबंदी घातली होती.

पण ह्या सगळ्याची किंमत कुणी दिली? बायांनी. लाकूड बंद झाल्यावर भट्टीत तुराट्या, पऱ्हाट्या, मिळेल ते घालायचं. जाळ कमी, धूर जास्त. हौसाबाईचे डोळे बारा महिने लाल. ती माझ्याशी बोलायला लागली की मला वाटायचं, ही आत्ताच रडून आलीय, आणि कारण मीच असणार.

मग शिंदे गुरुजींना मोबाइलवर एक संस्था सापडली. पुण्याची. डोंगरावरचं रान राखणाऱ्या आणि त्याच्या आधारानं पोट भरणाऱ्या गावांना निधी देणारी. गुरुजींनी शाळा सुटल्यावर बसून बसून अर्ज भरला. शेणाच्या गॅसवर चालणाऱ्या बिनधुराच्या भट्ट्या, बोडक्या बाजूसाठी रोपं, राखणदारांना मेहनताना, असं सगळं त्यात मागितलं. अर्ज इंग्रजीत, सोबत फोटो.

"अध्यक्ष, सही करताय खरी, पण आधी वाचून दाखवतो," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हणालो. टेंपो भरायचा होता. अर्धा किलो खवा घेताना मी काटा तीनदा बघतो. आणि वाडीचं नशीब लिहिलेला कागद मी उभ्या उभ्या सही करून दिला.

पंधरा-वीस दिवसांनी फोन आला की संस्थेच्या मॅडम बुधवारी डोंगर बघायला येणार. त्याच दुपारी हौसाबाई दुकानात आली. दिवाळी तोंडावर, खव्याला मागणी जोरात. ती गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवत म्हणाली, "शेट, बाया दमल्या आता. दिवाळीपत्तोर मी त्यास्नी धरून ठेवते. निधी आला तर ठीक. न्हाय आला तर ही शिट्टी तुमच्या काट्यावर आणून ठेवीन. कुऱ्हाडी गंजल्या असतील, पण दांडं अजून मजबूत हायत."

ती गेली आणि मी बुधवारपर्यंत एकच हिशोब करत बसलो. सहा वर्षांचं रान, आणि ते वाचणार की भट्टीत जाणार हे एका मॅडमच्या एका फेरीवर. आणि फेरी घडवून आणणार कोण? मी.

आता माझी बाजू पण ऐकून घ्या. मी मूर्ख नाही. मी अनुभवी आहे, आणि घोटाळा तिथंच झाला.

एका दुष्काळात आमच्याकडं पंचनाम्याला साहेब आले होते. सगळं शिवार करपलेलं. फक्त आमच्या शेजारच्या महादूअण्णांच्या मोरीपाशी एक लिंबाचं झाड. अंघोळीच्या पाण्यावर कसंबसं तग धरून होतं, पण होतं हिरवंगार. साहेबांनी झाडाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि कागदावर लिहिलं, 'पाणी उपलब्ध.' अण्णांचं नाव यादीतून गेलं. पुढं महिनाभर अण्णा त्या झाडाशी बोलत नव्हते.

तेव्हापासून आमच्या वाडीला शिकवावं लागत नाही. फाईल घेतलेला माणूस दिसला की हिरवं झाकायचं. बाया कोथिंबिरीच्या वाफ्यावर गोधडी वाळत टाकतात. हे आमच्या अंगात मुरलंय. त्यात मी खव्याचा व्यापारी. तीस वर्षं माल घेतोय, आणि घेणाऱ्याचं काम एकच, तोंड वाकडं करणं. कितीही मऊ, दाणेदार खवा असो, तळहातावर चोळायचा आणि म्हणायचं, "आज जरा करपलाय." मी "बरा आहे" म्हणालो तर बाया घरी जाऊन सांगतात.

तर अशा माणसानं बुधवारसाठी काय बेत केला असेल? बरोबर. मॅडमला रान दिसता कामा नये. रान दिसलं तर म्हणतील, यांचं भागलंय, यांना निधी कशाला? त्यांना बोडकी बाजू दाखवायची. नुसती बोडकी नाही, तिथं शेळ्या चरताना दाखवायच्या. म्हणजे बघणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे.

शेळ्या माझ्या मेव्हण्याच्या, चाँदच्या. त्याला गाठून सांगितलं, "बुधवारी सकाळी वीस-एक शेळ्या पुढच्या अंगाला सोड."

"पण दुल्हाभाई, तिथं बंदी हाय न्हं?"

"समितीचा अध्यक्ष कोण आहे?"

"तुम्ही."

"मग?"

चाँद गप्प बसला. तो गप्प बसला की पटलं असं मी धरतो. तीही एक जुनी चूक.

गुरुजींना म्हणालो, तुम्ही शाळा सांभाळा, डोंगर मी दाखवतो. हौसाबाईला म्हणालो, तुम्ही भट्टी सोडू नका, ऐन दिवाळीचा माल आहे. बुधवारी घरातून निघताना नसीम, म्हणजे माझी बायको, दारात उभी. तिला मी काही सांगितलं नव्हतं. चाँद तिचा भाऊ, त्यामुळं तिला सगळं माहीत होतं.

"अजी, एक विचारू? चांगला खवा पाटीच्या तळाला आणि करपलेला वर, असं कधी दुकानात मांडलंत का?"

"हे दुकान नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि आत गेली.

बायकोचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काही नसतं.

मॅडम आल्या. रेगे मॅडम. पायात बूट, पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, हातात एक निळी फाईल. बाई साधी होती, हसून बोलली, पण माझी नजर फाईलवर. फाईल दिसली आणि मी सगळा महादूअण्णा झालो.

पुढच्या वाटेनं त्यांना चढवलं. ऊन तापलं होतं, कुसळं पायजम्यात शिरत होती. त्या चालता चालता विचारायला लागल्या.

"ही समितीचीच हद्द ना?"

"हीच, मॅडम. बघवत नाही असं आहे सगळं."

"इथं झाडं किती असतील?"

"मोजायचे कष्ट पडणार नाहीत. एक ते बाभळीचं. दुसरं ते तिकडं, नाही नाही, तो विजेचा खांब आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, काळीज हललं.

"पक्षी?"

"कावळे येतात. पण थांबत नाहीत."

परत लिहिलं. मी खूश. आणि तेवढ्यात डोंगराच्या मागून मोर ओरडला. साधासुधा नाही, लग्नातल्या बँडवाल्यानं पहिली फुंकर मारावी तसा. मी खोकलो. तो परत ओरडला. मी परत खोकलो.

मॅडम थांबल्या. "हे काय ओरडलं?"

"वस्तीवरचं मांजर आहे, मॅडम."

"एवढं मोठं?"

"दुधाचा गाव आहे आमचा."

पुढं गेलो तर चाँदच्या शेळ्या. त्यानं वीसच्या जागी दुप्पट आणल्या होत्या. पाहुण्यांसमोर इज्जत जायला नको म्हणून शेजाऱ्याच्याही मागून आणल्या. सगळ्या शेळ्या त्या एकट्या बाभळीला लटकलेल्या.

"इथं चराईबंदी आहे ना?" मॅडमनी विचारलं.

मी असा एक सुस्कारा सोडला की तो ऐकून बाजारातला कसलाही माणूस दर पाडून देईल. "कागदावर आहे, मॅडम. पण ऐकतंय कोण?"

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. फाईल उघडली, त्यातले फोटो बघितले, समोर बघितलं, परत फोटो बघितले. मग फाईल मिटली.

"शेख साहेब, अर्जात तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं राखलेलं रान आहे. दाट आहे, मोर आहेत, चराईबंदी कडक आहे. आमचा निधी ज्यांनी राखून दाखवलंय त्यांच्यासाठी असतो. उजाड डोंगर पुष्कळ आहेत हो. सगळ्यांना कसं पुरणार?"

कढईतलं उलथनं थांबलं की खवा तळाला लागतो. तसं माझं डोकं लागलं. वास आला म्हणा ना. त्या क्षणी मला डोंगर दिसला नाही, मॅडम दिसल्या नाहीत, फक्त माझा काटा दिसला, आणि त्याच्या पारड्यात ठेवलेली एक शिट्टी.

"मॅडम, थांबा. रान आहे. मागच्या अंगाला आहे. दाट आहे. मोर आहेत."

"आत्ता तुम्ही म्हणालात मांजर."

"तो मोरच होता."

"मग मला इकडं का आणलंत?"

काय सांगणार? खोटं सुचेना, म्हणून खरं बोललो. "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर सोपं होतं. "घडीत झाडं नाहीत म्हणता, घडीत आहेत. आता पलीकडं नेऊन जे रान दाखवाल ते तुमचंच कशावरून? शेजारच्या गावाचं दाखवणारेही भेटतात आम्हाला. चला, उतरू या."

आणि त्या उतरायला लागल्या. मी मागं. घसरत, शपथा घेत, लिंबाच्या झाडाची गोष्ट सांगत. विचार करा, एका बाईला उन्हात डोंगर उतरताना मी महादूअण्णांची मोरी समजावून सांगतोय. त्या फक्त "हं, हं" म्हणत होत्या. गाडी खाली दिसत होती. ती एकदा गेली की गेलीच. मनातल्या मनात मला पहिली कुऱ्हाड ऐकू यायला लागली.

कुऱ्हाड नव्हती. शिट्टी होती.

एक, दोन, तीन. खालून हौसाबाई येत होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात दुधाचे, डोळे नेहमीसारखे लाल. भट्टीपुढून तिला बोडक्या अंगाला शेळ्या दिसल्या होत्या. तिनं मला ओलांडलं, मॅडमला ओलांडलं, आणि थेट चाँदची गचांडी धरली.

"कुनाची जनावरं ही?"

"माझी. काही शेजारच्यांची."

"कुनाला इचारून घातली?"

चाँदनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं. इतक्या जोरात खुणावलं की डोळ्यात पाणी आलं. पण चाँदला आयुष्यात कधी खूण कळलेली नाही.

"दुल्हाभाईंनी सांगितलं. म्हणाले, आजच्या दिवस डोंगर गरीब दिसला पाहिजे."

शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या, असं मला वाटलं.

हौसाबाई माझ्याकडं वळली. "शेट, खरं का हे?"

"हौसाबाई, ऐकून तर घ्या. वाडीच्या भल्यासाठीच..."

"भलं मागनं बघू. शेळ्या घातल्या का न्हाय?"

"घातल्या."

"ह्या बंद अंगाला?"

"बंद अंगाला."

शिट्टी झाली की वही आली पाहिजे, हा आमचा नियम. शिंदे गुरुजी शाळेतून वही घेऊन धापा टाकत पोचलेच. त्यांनी मॅडमला नमस्कार केला, माझ्याकडं बघून काय झालं असेल ते ओळखलं, आणि पान काढलं. मास्तर माणूस, हळू वाचायची सवयच नाही. खणखणीत वाचलं.

"बंद क्षेत्रात जनावर घालणे अथवा घालण्यास सांगणे. दंड, रोपे पाच. अध्यक्ष असल्यास दुप्पट. गाडी वर्ज्य. गडी वर्ज्य. सूचक, रशीद शेख."

"दहा," हौसाबाई म्हणाली. "धा रोपं. पुढच्या पावसापत्तोर. अंगठा करता का सही?"

"सही येते मला."

"व्हय. बघितली आमी अर्जावर."

मी सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली. शरमेनं म्हणा, पण जास्त करून त्या उताराकडं बघून. आडापासून बोडक्या अंगापर्यंत किती चढ आहे हे तोपर्यंत मी पायानं मोजलं होतं.

मॅडम मात्र परत गेल्या नव्हत्या. उभ्या होत्या. त्यांनी फाईल पिशवीत ठेवली आणि हौसाबाईला विचारलं, "याआधी असा दंड कुणाला झालाय?"

"पैला माज्याच मालकाला. मांडवाला मेढी पायजे म्हनून दोन धावडे तोडले व्हते."

"मग?"

"मग काय? पाच कडुलिंब लावले. चार महिने घरात माज्याशी बोलले न्हाईत, पर पानी घातलं. मागच्या अंगाला जायच्या वाटंवर हायत, तवा तिकडंबी उघडंच व्हतं. चला, दावते."

दोघी चढायला लागल्या. मी आणि चाँद मागं. चाँद हळूच म्हणाला, "दुल्हाभाई, मी काही चुकीचं बोललो का?" मी चढत राहिलो. मेव्हण्याला उत्तर द्यायला बळ लागतं.

डोंगराची कड ओलांडली आणि गार वारा लागला. खाली सगळं हिरवं. सीताफळीला डोळे उघडलेली फळं लटकलेली, धावड्याच्या फांद्यांत चिमण्यांचा कालवा, आणि त्या रानाच्या कडेला 'मांजर' पिसारा ओढत निवांत चाललेलं. मॅडमनी फोटो काढला. मग फाईलमधला फोटो हातात घेऊन एका झाडापाशी गेल्या. तिरकं वाढलेला धावडा, खोडाला हौसाबाईनं हद्दीची खूण म्हणून बांधलेली लाल चिंधी. फोटो बंदीच्या सुरुवातीचा, त्यातही तीच चिंधी, नुकती बांधलेली, नवी. समोर विटलेली. त्यांनी चिंधीला हात लावला आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

मला काय वाटलं कोण जाणे, तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "बरं आहे तसं. पण पूर्वीच्या मानानं..."

"शेट," हौसाबाई म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा."

मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "कळवू." व्यापाऱ्याला विचारा 'कळवू' म्हणजे काय. ज्याला घ्यायचं असतं तो कधी 'कळवू' म्हणत नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही थोडक्यातच सांगतो. वाडीत चहा मिळणं बंद झालं. नसीमनं दोन दिवस करपलेली भाकरी वर आणि चांगली खाली, अशी वाढली. बाया खवा घालायला यायच्या, पण मी तळहातावर चोळायला लागलो की माझ्या तोंडाकडं असं बघायच्या की मी गपचूप वजन करायचो. पहिल्यांदाच त्या दिवाळीत मी एकाही खव्याला नाव ठेवलं नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हौसाबाई दुकानात आली. गळ्यातली दोरी सोडली आणि शिट्टी काट्याच्या पारड्यात ठेवली. पारडं जरासुद्धा हललं नाही. मी त्या शिट्टीकडं बघत बसलो. गिऱ्हाईक आलं, गेलं.

"हौसाबाई, दिवाळी अजून उद्या आहे," मी म्हणालो.

"म्हनून तर बसले," ती म्हणाली आणि पोत्यावर बसली.

गुरुजी मोटारसायकलवरून आले तेव्हा दिवे लागत होते. मोबाइलवर पत्र आलं होतं. त्यांनी मराठी करून वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी नुसत्या नमस्काराच्या. मी म्हणालो, "गुरुजी, खालून वाचा." त्यांनी वरूनच वाचलं. निधी मंजूर झाला होता. कारणही लिहिलं होतं. ह्या गावात राखणीचा नियम खुद्द अध्यक्षालाही लागू होतो, हे प्रत्यक्ष पाहण्यात आलं.

हौसाबाईनं शिट्टी उचलली आणि गळ्यात घातली. बाकी काही नाही. मी मात्र पेढ्याचा खोका उघडला. दोन पेढे खाल्ले, तिसरा हातात.

"एक अट आहे," गुरुजी म्हणाले. "दुसरा हप्ता पावसाळ्यानंतर. त्याआधी अध्यक्षांची दंडाची दहाही रोपं जगलेली पाहिजेत. दर महिन्याला रोपाशेजारी उभं राहून फोटो. कावडीसकट."

तिसरा पेढा मी खोक्यात परत ठेवला.

पहिल्या हप्त्यात चार भट्ट्यांचा धूर गेला. हौसाबाईच्या भट्टीचाही. इतकी वर्षं ओळख, पण यंदा पहिल्यांदा मला कळलं की तिचे डोळे घारे आहेत. उरलेल्या भट्ट्या मात्र माझ्या खांद्यावर. दिवसाआड कावड, आडापासून बोडक्या अंगापर्यंत. वाटेत ज्यांच्या भट्ट्या राहिल्यात त्या बाया दारात उभ्या राहून हिशोबानं बघतात. "शेट, चौथं रोप सुकल्यासारखं दिसतंय." "शेट, आज हांडा भरून न्हाई घेतला." एक आवळा माघात माना टाकायला लागला तेव्हा मला स्वतःला ताप भरला. नसीम म्हणाली, पोराच्या आजारपणात एवढे घाबरला नव्हतात. खरं आहे. पोरावर कुणाची भट्टी अडली नव्हती.

जगला तो आवळा. सगळी जगली. आणि इथं किस्सा संपायला हवा होता.

पण यंदा पाऊस कमी. वैशाखात पंचनाम्याला साहेब आले. नवीन माणूस, हातात फाईल. सगळं शिवार करपलेलं, आणि समोर बोडक्या डोंगरावर एका ओळीत माझी दहा रोपं, कमरेएवढी, हिरवीगार. लांबून दिसतात ती. साहेब मुकाट्यानं चढले. मी नेमका तिथंच, पायजमा गुडघ्यापर्यंत, खांद्यावर कावड. गुरुजी फोटो काढत होते, हौसाबाई राखणीला.

माझ्या डोळ्यांपुढं महादूअण्णांचं लिंबाचं झाड उभं राहिलं. ह्या वेळी गोधडी टाकून झाकायची सोय नव्हती. पुण्याला फोटो जायचा होता.

साहेबांनी झाडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पेन काढलं. "एवढं हिरवं? पाणी कुठून येतं इथं?"

मी कावड खाली ठेवली. सदऱ्याची गळपट्टी बाजूला सारली आणि खांदा दाखवला. दांड्याचा वळ, बोटभर रुंद, काळानिळा.

साहेब पेन धरून तसेच उभे राहिले. तेव्हा हौसाबाई पुढं आली.

"लिवा सायेब," ती म्हणाली. "पानी न्हाय. अध्यक्ष उपलब्ध."